साबण, नळी आणि घड्याळ

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कोहका भागात एखाद्या साध्या घराच्या मोरीत मणक्याला मार बसलेला माणूस साबणानं हात धुतो, मूत्रमार्गात प्लास्टिकची नळी सरकवतो, लघवी काढतो आणि थोड्या वेळात आपल्या कामाला लागतो. निर्जंतुक हातमोजे नाहीत, जवळ नर्स नाही. तरी त्याच्या किडन्या वर्षानुवर्षं शाबूत राहतात. साठेक वर्षांपूर्वी हे सांगितलं असतं, तर बहुतेक डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

आपला मूत्राशय मोठा समजूतदार असतो. अर्धा लीटरच्या आसपास लघवी साठेपर्यंत तो ताणत जातो, पण आतला दाब फारसा वाढू देत नाही. मग मेंदू हुकूम सोडतो: मूत्राशय आवळतो आणि त्याच क्षणी तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो. मणका दुखावला की ही जोडी फुटते. कधी मूत्राशय आवळतच नाही. कधी तो आवळतो, पण दार बंदच राहतं आणि दाब उलटा किडनीवर जातो. पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक दगावले, ते पडून राहून अंगाला झालेल्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांनी.

इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी ठराविक वेळानं नळी घालून मूत्राशय रिकामा करण्याची शिस्त लावली, पण ती पूर्ण निर्जंतुक आणि दवाखान्यातली. अपंग खेळाडूंच्या स्पर्धाही त्यांनीच १९४८ मध्ये तिथे सुरू केल्या. त्यांतूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्याच १९७२ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी सहकाऱ्यांसह एक लेख छापला आणि खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं असं, की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी. आणि ती रुग्णानंच घालावी.

तर्क साधा, पण उलटा. जंतू आत जाणारच. तटतटून भरलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी पोचतं, तिची झुंजण्याची ताकद घटते, आणि साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. वेळेवर रिकामा केला, तर ते वाहून जातात. भिलाईचा पोलाद कारखाना शिफ्टवर चालतो तसा हा मूत्राशयही शिफ्टवर चालतो. दिवसातून साधारण चार ते सहा वेळा, एका खेपेला ४००-५०० मिलिलीटरच्या आत. नळी धुण्यात काटेकोर आणि वेळेत ढिला असलेल्या माणसापेक्षा मला घड्याळाचा पक्का माणूस अधिक सुरक्षित वाटतो.

आता अडचणी. औषधाच्या दुकानात जिला नेलाटन म्हणतात ती नळी, त्यावर १२ किंवा १४ असा आकडा. त्याला तीननं भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे १२ नंबरची नळी बरोबर ४ मिलिमीटर. पुरुषाचा मार्ग सुमारे २० सेंटीमीटर आणि वळणाचा. त्यामुळे लिंग पोटाच्या दिशेनं वर धरायचं, म्हणजे पहिलं वळण सरळ होतं. जेली भरपूर लावायची, इथे काटकसर नको. आत गेल्यावर नळी अडते ती बहुधा त्या बंद स्नायूपाशी. तिथे जोर लावलात तर तो आणखी आवळतो आणि आतलं अस्तर फाटतं. थांबा, लांब श्वास सोडा, हलकं खोका. स्नायू सैल झाला की नळी आपसूक पुढे सरकते. बाहेर काढतानाही घाई नको. नळीची छिद्रं टोकाशी असतात, म्हणून हळूहळू ओढताना मध्येच पुन्हा धार लागते. तेवढी येऊ द्या.

बाईचा मार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पण तोंड सापडत नाही. आरसा घ्या. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खूण म्हणून राहू द्या आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या बाजूला घाला. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मार्ग दाबतं, म्हणून पोट साफ ठेवणं हाही यातलाच भाग.

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात लोक लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडतात. तसं करू नका, लघवी घट्ट होते. दिवसा प्या, संध्याकाळी हात आखडता घ्या. आणि तपासणीत जंतू दिसले, पण ताप, दुखणं काही नाही, तर गोळ्यांची घाई करू नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सहसा सापडतातच. नळी धुऊन किती वेळा वापरायची, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं आणि घाम फुटला, तर त्याला बसतं करा, मूत्राशय लगेच रिकामा करा आणि तरी उतार नसेल तर इस्पितळ गाठा. थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त येतच राहिलं किंवा नळी आत जाईचना, तर उद्यावर टाकू नका.