कोराडीची राख आणि स्थिरविद्युत् धूलिसंग्राहक

नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडी येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९७४ साली, महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या कारकिर्दीत, सुरू झाला. मंडळाच्या विभाजनानंतर २००५ साली हे केंद्र महानिर्मितीकडे आले, आणि २०१५ ते २०१७ या काळात तेथे प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन संच उभे राहिले. अशा संचाच्या बाष्पित्रातून निघणारे वायू धुराड्याकडे जाण्यापूर्वी स्थिरविद्युत् धूलिसंग्राहकातून जातात. कारखान्यात त्यास ‘ईएसपी’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. राखेचा कण कसा पकडला जातो हे पाठ्यपुस्तकांत सविस्तर सांगितलेले असते. पकडलेला कण पुन्हा सुटतो कसा, या प्रश्नास मात्र तेथे फारशी जागा मिळत नाही. प्रत्यक्ष चालनातील बहुतेक अडचणी या दुसऱ्या प्रश्नातूनच उद्भवतात.

प्रथम एक ढोबळ हिशेब मांडू. पूर्ण भारावर चालणाऱ्या ६६० मेगावॅटच्या संचास भारतीय कोळसा ताशी सुमारे ४५० टन लागतो. त्यातील ३५ ते ४० टक्के भाग राखेचा असतो, आणि राखेचा सुमारे चार-पंचमांश भाग वायूबरोबर उडून जातो. म्हणजे ताशी सुमारे १३० टन राख संग्राहकाच्या दारी येते. वायूच्या दर प्रसामान्य घनमीटरामागे ही राख ५० ग्रॅमच्या आसपास भरते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने घातलेल्या मर्यादांप्रमाणे २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या संचांच्या धुराड्यातून ५० मिलिग्रॅमहून अधिक राख बाहेर पडता कामा नये. हजारास एक, म्हणजे ९९.९ टक्के कार्यक्षमता. ‘९९.५ टक्के’ हा आकडा कानास तितकाच चांगला लागतो. पण त्याचा अर्थ २५० मिलिग्रॅम, मर्यादेच्या पाचपट, असा होतो. म्हणून अहवालांत कार्यक्षमतेऐवजी निसटलेल्या राखेचाच आकडा द्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संग्राहकाची रचना तत्त्वतः सोपी आहे. उभ्या पोलादी पत्र्यांच्या मधोमध ताणलेल्या तारांवर पन्नास हजार व्होल्टच्या आसपास ऋण दाब ठेवतात. तारेभोवती कोरोना-विसर्जन होते, राखेच्या कणांस ऋण भार प्राप्त होतो आणि ते पत्र्यांकडे खेचले जातात. निसटणारा अंश हा पत्र्यांच्या क्षेत्रफळाबरोबर घातांकाच्या नियमाने घटतो, असे सूत्र डॉइच याने १९२२ साली मांडले. या सूत्राचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकामागून एक अशी दहा समान क्षेत्रे मिळून ९९.९ टक्के कार्यक्षमता देत असतील व त्यांतील एक बंद पडले, तर उत्सर्जन दहा टक्क्यांनी न वाढता दुप्पट होते. दोन बंद पडली तर चौपट. एखादी तार तुटून क्षेत्र बंद पडले, ‘पुढच्या वार्षिक दुरुस्तीत पाहू’ असे म्हटले, तर त्याची किंमत ही अशी असते.

आता कण सुटण्याविषयी. आपल्या कोळशात गंधक अत्यल्प, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास वा त्याहून कमी असते. राखेत सिलिका व अ‍ॅल्युमिना यांचे प्राबल्य असते. गंधकापासून बनणारा त्रिऑक्साइड कणांच्या पृष्ठभागावर वाहक थर निर्माण करतो. तो येथे जवळजवळ नसतो. परिणामी १२० ते १५० अंश सेल्सिअस या नेमक्या कामाच्या तापमानास राखेची विशिष्ट रोधकता ओहम-सेंटिमीटरात १० च्या १२ व्या घातापर्यंत, कधी त्याही पलीकडे, जाते. पत्र्यावरील थरातील विद्युत्-क्षेत्र म्हणजे प्रवाहघनता व रोधकता यांचा गुणाकार. दर चौरस सेंटिमीटरास २० नॅनोअँपिअर प्रवाह धरल्यास हे क्षेत्र सेंटिमीटरास २० हजार व्होल्ट होते, आणि थरातील हवा फुटू लागते. पत्र्याच्या बाजूने उलटा कोरोना सुरू होतो, धन आयन बाहेर पडतात आणि येणाऱ्या कणांचा भार नाहीसा करतात. या गुणाकारात थराची जाडी नाही, हे ध्यानात घ्यावे. केवळ अधिक ठोके मारून हा दोष जात नाही, त्याचे कारण हेच. १८८५ साली वेल्समधील बॅगिल्ट येथे शिशाच्या भट्टीवर ऑलिव्हर लॉज यांनी केलेला प्रयोग फसला, त्यास दुर्बल विद्युत्-यंत्राबरोबरच शिशाच्या धुराची उच्च रोधकताही कारणीभूत होती.

उलटा कोरोना ओळखण्याचे साधन चालकाच्या समोरच असते. प्रवाह वाढविला असता दाब वाढावयाचा. तो घटू लागला की निदान झाले. अशा वेळी प्रवाह वाढविण्याचा मोह आवरावा लागतो. तो कमी केल्याने, किंवा विद्युत्-पुरवठा खंडित स्पंदांनी केल्याने, राख अधिक पकडली जाते आणि वीजही वाचते. नवख्या अभियंत्यास हे पटविणे कठीण जाते. वायूत अल्प अमोनिया वा गंधक-त्रिऑक्साइड सोडणे हा दुसरा उपाय.

ठोके मारणाऱ्या हातोड्यांचे वेळापत्रकही असेच नाजूक असते. ठोके फार जवळजवळ पडले तर पातळ थर धूळ होऊन पुन्हा वायूत मिसळतो. फार लांबले तर थर घट्ट बसतो. पहिल्या क्षेत्रात राख सर्वाधिक जमते म्हणून तेथे वारंवार, शेवटच्या क्षेत्रात क्वचित, आणि दोन क्षेत्रांत एकाच वेळी कदापि नाही, असा क्रम ठेवतात.

खाली पडलेली राख हॉपरमध्ये साठते, आणि माझ्या मते देखभालीची खरी कसोटी येथेच लागते. हॉपरच्या दारातून थंड हवा आत शिरली की राख ओलसर होऊन गोळे बनते. तापक बंद असला तरी तेच होते. हॉपर भरून राख तारांपर्यंत पोहोचली की क्षेत्र लघुपथित होते. तारांच्या चौकटी वाकल्या तर त्या पुढे कधी सरळ होत नाहीत. तुंबलेला हॉपर उघडताना गरम राख पाण्यासारखी वाहते व माणसास भाजते, म्हणून पुरवठा तोडून, तारा जमिनीस जोडून आणि हॉपर रिकामा असल्याची खात्री करूनच दार उघडावयाचे असते.

हॉपरमधून निघालेल्या राखेचा प्रश्न तेथेच संपत नाही. कोराडीची राख पाण्यात कालवून राख-तलावांत सोडली जात आली आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात खसाळा येथील तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी कोलार व कन्हान नद्यांच्या दिशेने वाहिले. कन्हान ही नागपूरला पिण्याचे पाणी पुरविणारी नदी आहे. हीच राख कोरडी उचलली तर सिमेंटात उपयोगी पडते. क्षेत्राक्षेत्रागणिक ती अधिकाधिक बारीक होत जाते, आणि शेवटच्या क्षेत्रांतील सर्वांत बारीक राख काँक्रीटसाठी विशेष उपयुक्त असते. ती जाड राखेत मिसळू न देता वेगळ्या साठवण-टाकीत नेण्यासाठी प्रत्येक ओळीच्या हॉपरची नळी स्वतंत्र ठेवावी लागते.