स्वतंत्रपूर : वसाहत आणि चित्रकथा

शिक्षा भोगून खेड्यात परतणाऱ्याला उपजीविकेसाठी नेमके काय शिकवावे, या प्रश्नाचे एक उत्तर आटपाडीजवळच्या (जि. सांगली) स्वतंत्रपूर वसाहतीत मिळते. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने ती १९३९ मध्ये स्थापन झाली. येथे तटबंदी नाही. बंदी कुटुंबासह राहून जमीन कसतो.

याच प्रयोगावरून माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) निर्मिला. हे माध्यमांतर तौलनिक अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. चित्रपटात सहा कैद्यांचे परिवर्तन जेलरच्या नजरेवर तोलले जाते. वसाहतीत तो भार शेत आणि संसार यांच्यावर असतो. शेती बहुतेक ग्रामीण बंद्यांना येतच असते. म्हणून येथील प्रशिक्षण कसबाचे कमी, पत पुन्हा मिळवण्याचे अधिक आहे : हंगाम सांभाळणे, माल बाजारात नेणे, घर चालवणे.

नजर तुरुंगातच राहते; सवय माणसासोबत गावी जाते. चित्रपट उदात्त ठरला तो नजरेमुळे. वसाहतीचे मोल मात्र या सवयीतच शोधावे लागेल.