धुकं किती, धूर किती?

डिसेंबरातल्या दाट धुक्याच्या सकाळी गोसीखुर्द धरणाच्या एका टोकाला उभं राहिलं, तर ३३ दरवाजांपैकी पलीकडचे दरवाजे दिसत नाहीत. वैनगंगेचं पाणी, पवनीकडची शेतं, आंभोऱ्याच्या दिशेनं पसरलेला जलाशय, सगळं पांढुरक्या थरात बुडालेलं असतं. इकडची माणसं त्याला धुवारी म्हणतात आणि तुरीच्या फुलोऱ्याची काळजी करतात. त्या थरात पाण्याचे थेंब असतातच. पण धान कापून झाल्यावर पेटवलेल्या धसकटांचा धूर, राईस मिलच्या भट्टीतली कोंड्याची राख, चुलींची काजळी आणि कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेल्या वायूंचे कणही त्यातच मिसळलेले असतात. डोळ्यांना हे वेगळं करता येत नाही. त्यासाठी मोजावं लागतं आणि मोजायला बसलं की पहिलाच प्रश्न पडतो, मोजायचं काय? कणांचं वजन, संख्या की रंग?

वजन : फुप्फुसाचा हिशेब

अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या खोल कप्प्यांपर्यंत पोहोचतात. ते मोजण्याची सर्वांत भरवशाची पद्धत आजही तराजूचीच आहे. जेमतेम ४७ मिलिमीटर व्यासाचा टेफ्लॉनचा पांढरा फिल्टर आधी तोलतात. मग पंप त्यातून तासाला एक घनमीटर हवा ओढतो. वाटेत हवेला अचानक वळण दिलेलं असतं. जड कणांना ते वळण घेता येत नाही, ते समोरच्या तेलकट चकतीवर आपटून तिथेच चिकटतात आणि बारीक कण तेवढे फिल्टरपर्यंत जातात. २४ तासांनी फिल्टर काढून पुन्हा तोलायचा.

आपल्याकडे २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोबर त्या मर्यादेवर असेल, तर दिवसभरात फिल्टरवर दीड मिलीग्रॅमसुद्धा धूळ जमत नाही. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलीग्रॅमचा असतो, त्यावरून हे काम किती नाजूक आहे ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली.

फिल्टर तोलण्याआधी तो ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत निदान एक दिवस ठेवतात. कारण हे कण पाणी पितात. हवेत गंधकाचे वायू आणि खत-शेणातून निघणारा अमोनिया यांच्यापासून अमोनियम सल्फेट तयार होतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की त्याचा कोरडा कण विरघळून थेंब होतो. ९० टक्क्यांवर त्याचा व्यास पावणेदोन पट झालेला असतो, म्हणजे आकारमान जवळपास पाचपट. मोबाइलवर आकडे दाखवणारे स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते पाहून वजनाचा अंदाज बांधतात. कोरड्या हवेत तो बऱ्यापैकी जुळतो. जलाशयाकाठच्या पहाटे मात्र फुगलेले कण आणि धुक्याचे थेंब या सेन्सरला धूळच वाटतात. म्हणून चांगल्या यंत्रात हवा आत घेतानाच गरम करून सुकवतात.

याचा अर्थ सकाळचा वाढलेला आकडा नुसता धुक्याचा खेळ आहे, असा मात्र नाही. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि धूर वर चढू शकत नाही. दिवसा हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत पसरणारा धूर रात्री काहीशे मीटरांत कोंडतो. नागपुरात इस्रोच्या शास्त्रज्ञांनी काजळीच्या, म्हणजे काळ्या कार्बनच्या नोंदी घेऊन हाच संबंध तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काजळी हिवाळ्यात सर्वाधिक, पावसाळ्यात सर्वांत कमी आणि दिवसापेक्षा रात्री जास्त आढळली.

संख्या : ढगाचा हिशेब

ढगाला वजनाशी फारसं देणंघेणं नसतं, तो कण मोजतो. निव्वळ वाफेतून थेंब तयार व्हायचा तर आर्द्रता कित्येक शे टक्के लागेल. कणाचा आधार मिळाला की शंभराच्या किंचित वर गेली तरी भागतं. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस याच गुणधर्मावर धूळमोजणीचं यंत्र बांधलं. डबीतली ओली हवा एकदम प्रसरण पावू द्यायची. ती थंड होते, प्रत्येक कणावर थेंब धरतो, थेंब चौकटी आखलेल्या काचेवर पडतात आणि भिंगातून ते मोजायचे. आजचे कणगणक त्याच तत्त्वावर चालतात, फक्त मोजणी लेझर करतो.

कण वाढले की तेवढीच वाफ जास्त थेंबांत वाटली जाते आणि थेंब लहान राहतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात आणि लहान थेंब सहजी एकत्र येत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून विमानं थेट ढगांत नेऊन ही मोजणी केली. कण जास्त असलेल्या ढगांना पाऊस सुरू होण्याआधी अधिक उंच वाढावं लागतं, असं त्यात दिसलं. पण असा उंच ढग गोठणपातळीच्या वर पोहोचला की बर्फामुळे तो जोरानंही बरसू शकतो. म्हणून ‘प्रदूषणानं पाऊस घटतो’ असं एका वाक्यात सांगता येत नाही. गोसीखुर्द धरण बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर भरतं. तेव्हा हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या पाण्याचाही आहे.

रंग : उन्हाचा हिशेब

सल्फेटसारखे फिकट कण ऊन परत आकाशात फेकतात, काजळी ते शोषून हवा तापवते. सगळ्यांचा मेळ घातला तर कण पृथ्वीला थंड ठेवतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० पासून कार्बन डायऑक्साइडनं दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट उष्णता वाढवली, तर कणांनी सुमारे १.१ वॅट कमी केली. हवा स्वच्छ झाली की आतापर्यंत झाकलेली तापमानवाढ उघडी पडेल, पण म्हणून धूर जपून ठेवता येत नाही. काजळी कमी केली, तर मात्र श्वास आणि तापमान दोन्हींचा फायदा होतो.

काजळी मोजणाऱ्या यंत्रात हवा फिल्टरच्या फितीतून ओढतात आणि फीत किती काळी पडली ते प्रकाशानं पाहतात.

दोष कोणाचा?

सतत चालणारी हवामापन केंद्रं नागपूर-चंद्रपूरसारख्या शहरांत आहेत. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही शहरांपुरता आखलेला आहे. गोसीखुर्दसारख्या ठिकाणी वर्षभर फिल्टर, कणगणक आणि काजळीमापक शेजारी शेजारी चालवले, आर्द्रतेची नोंद सोबत ठेवली, तर बरंच काही कळेल. फिल्टरवर सल्फेट जास्त निघालं तर बोट चिमण्यांकडे जाईल. याच जलाशयाचं पाणी वापरणारं मौद्याचं २३२० मेगावॅटचं वीजकेंद्र फार दूर नाही. पोटॅशियम आणि काजळी निघाली तर चुली, धसकटं आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी झाडांखाली लावलेल्या आगी. माती निघाली तर कच्चे रस्ते आणि रेतीचे ट्रक. यातल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आणि त्याचा खर्च उचलणारा माणूसही वेगळा. मोजमाप नसलं की दोष सोयीच्या माणसाच्या माथी मारला जातो आणि बहुतेक वेळा तो दोन एकर धानाचा मालक असतो.