विश्लेषण : नाव ‘हिमालयन’, मूळ आर्मेनियाकडचे... मग अमेरिकेची अस्सल रानटी ब्लॅकबेरी कोणती?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन, वॉशिंग्टन राज्यांत ऑगस्ट महिन्यात रस्त्याकडेच्या काटेरी जाळ्यांतून टपोऱ्या ब्लॅकबेरी तोडणारे लोक हमखास दिसतात. अनेकांच्या लेखी तो तिथला पिढीजात रानमेवा. प्रत्यक्षात हे झुडूप बाहेरून आलेले आहे. तिथली मूळची ब्लॅकबेरी जमिनीलगत सरपटते, तिची फळे लहान असतात आणि तिचा हंगाम तोवर बहुतेक संपलेला असतो.

मूळची वेल कुठे वाढते?

‘रुबस अर्सिनस’ हे तिचे शास्त्रीय नाव. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतचा पट्टा हे तिचे घर. डग्लस फर वृक्षांच्या जंगलातील मोकळ्या जागा, ओढ्यांचे काठ, वणव्याने जळालेली किंवा लाकूडतोड झालेली जमीन येथे ती पसरते. बारीक, लवचीक फांद्या पाच-सहा मीटर लांब जातात आणि टोक मातीला टेकले की तिथेच मुळे धरतात. वरचा भाग जळाला तरी जमिनीखालून ती पुन्हा फुटते. उन्हाची तिरीप मिळाली की फळ चांगले धरते. झाडी दाट होऊ लागली की फळ कमी होते, पण वेल सावलीत तग धरून राहते.

आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पपईप्रमाणे हिच्यातही बहुधा नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. त्यामुळे फुलांनी लगडलेल्या एखाद्या जाळीत एकही फळ न मिळणे हे नवल नाही. फळ दोन सेंटिमीटरच्या आसपास, पण चव गडद. स्थानिक आदिवासी समाज ते ताजे खात, वाळवून ठेवत आणि पानांचा चहा करत.

बाजारातील बेरींशी नाते काय?

अगदी जवळचे. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सांताक्रूझचे न्यायाधीश जेम्स हार्वी लोगन यांच्या बागेत या वेलीच्या एका वाणाचा रास्पबेरीशी अनपेक्षित संकर झाला. त्यातून ‘लोगनबेरी’ आली. १९५६ मध्ये ओरेगॉनमध्ये प्रसारित झालेल्या प्रसिद्ध ‘मॅरियनबेरी’च्या वंशावळीतही हीच वेल आहे.

मग ‘हिमालय’ कुठून आला?

ल्यूथर बरबँक या नामवंत वनस्पती-संकरकाराकडून. १८८५ मध्ये त्यांनी भारतातून आलेल्या बियांपासून वाढवलेल्या झुडपाला ‘हिमालय जायंट’ असे नाव देऊन त्याचा प्रसार केला. पुढे ते मूळचे आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचे असल्याचे स्पष्ट झाले. शास्त्रीय नाव ‘रुबस आर्मेनियाकस’ झाले, तरी लोकांच्या तोंडी आजही ‘हिमालयन ब्लॅकबेरी’च आहे. आपल्या हिमालयावर नाहक आळ, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही : कुमाऊंमध्ये आवडीने खाल्ले जाणारे पिवळे ‘हिसालू’ हवाई बेटांवर असेच उपद्रवी तण ठरले आहे.

बरबँक यांचे झुडूप बागेत थांबले नाही. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया सर्वत्र पोहोचवल्या. आता ओढ्याकाठी आणि पडीक जमिनीवर त्याच्या पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्याखाली मूळची वेल व इतर रोपे दडपली जातात. वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये त्याची नोंद उपद्रवी तणांत आहे.

दोन्ही ओळखायच्या कशा?

तण काढताना चुकून मूळची वेलच उपटली जाऊ नये, म्हणून हे महत्त्वाचे. मूळ वेलीची फांदी बारीक, गोल, निळसर पांढुरक्या झाकेची; काटे नाजूक; पाने सहसा तीन पर्णिकांची. परक्या झुडपाची फांदी जाड आणि कंगोरेदार, काटे भक्कम, मोठ्या फांद्यांवर बहुधा पाच पर्णिका आणि पानाची मागची बाजू पांढरट. नुसते छाटून ते मरत नाही. मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो. त्यानंतर तिथे झाडे लावली जातात, कारण दाट सावली या झुडपाला मानवत नाही आणि मूळच्या वेलीला ती चालते.