मे महिन्यात जैसलमेर? जा, पण दुपार सोडून

शाळांना सुट्टी मे महिन्यातच, म्हणून नवी मुंबईतली वाशी-नेरूळकडची कुटुंबं ऐन उन्हाळ्यातही जैसलमेरला निघतात. हॉटेलं स्वस्त, किल्ल्यात गर्दी कमी. मोह समजू शकतो.

पण आपल्याला सवय खाडीकाठच्या दमट उकाड्याची. इथे घाम निथळतो, त्यामुळे पाण्याची आठवण राहते. थर वाळवंटातल्या कोरड्या वाऱ्यात घाम दिसायच्या आत उडून जातो आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहा. सोबत ओआरएस ठेवा. तिथली छाछ तर झकासच.

राजस्थानातल्याच फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता. अर्थात उष्माघाताला एवढाही पारा लागत नाही. खारघरच्या उघड्या मैदानावर 16 एप्रिल 2023 ला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात काय झालं ते आपण पाहिलंय: उष्माघाताने चौदा जण गेले.

तेव्हा किल्ल्याच्या गल्ल्या आणि गडीसर तलाव सकाळी नऊच्या आत उरका. अकरा ते पाच सरळ खोलीत ताणून द्या. सुमारे 40 किलोमीटरवरच्या सम इथल्या वाळूच्या टेकड्या उन्हं कलल्यावरच. दुपारची जीप सफारी फुकट दिली तरी नको. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, भोवळ आली तर सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं.