गाठ मेंदूजवळ, काळजी चेहऱ्याची
कानाच्या आत, मेंदूलगतच्या गाठीचे ऑपरेशन ठरले, की सातपाटीचे रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, तोंड वाकडे होईल का?" प्रश्न रास्त आहे. तोलाच्या नसेवर वाढणाऱ्या या गाठीला चेहऱ्याची नस चिकटलेली असते. तिला इजा झाली तर डोळा मिटत नाही. होडीवरच्या खाऱ्या वाऱ्यात बुबुळ सुकते.

म्हणून रुग्ण बेशुद्ध असताना डोळ्याजवळ, ओठाजवळ बारीक सुया टोचून ठेवतात. नसेला सौम्य विद्युत्‌स्पर्श होताच स्नायू आकसतो, यंत्र आवाज करते आणि सर्जन सावध होतो. त्या वेळी स्नायू शिथिल करणारे औषध मात्र चालत नाही, भूलतज्ज्ञाची कसोटीच! अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने १९९१ सालीच याची शिफारस केली. यंत्र हमी देत नाही, तरी मुंबईला जाल तेव्हा ही सोय आहे का, हे जरूर विचारा.