स्वस्त डेपो आणि पासपोर्टचं शेवटचं पान

जर्मनीत ‘डेपो’ हा शब्द पहिल्यांदा बँकेत ऐकला तेव्हा मला स्वारगेटच आठवलं. शेअर आणि ईटीएफ ठेवायचं खातं म्हणजे डेपो, हे कळायला थोडा वेळ लागला. गेल्या लक्ष्मीपूजनाला आम्ही दोघांनी ठरवलं, की बचत खात्यात नुसते पडून असलेले पैसे आता गुंतवायचे. पण डेपो उघडायचा कुठे?

मंडळातल्या मित्रांना विचारलं तर उत्तर एकच: जिथे स्वस्त तिथे. फरक आहेच. ट्रेड रिपब्लिक एका सौद्याला १ युरो घेतं, स्केलेबल कॅपिटल ९९ सेंट. जुन्या वळणाच्या बँकेत तोच सौदा दहा युरोच्या घरात जातो. ५०० युरोच्या खरेदीवर दहा युरो म्हणजे सरळ दोन टक्के. ईटीएफची मासिक बचत योजना तर ॲपवर बहुधा फुकटच.

मग यांचा धंदा चालतो कसा? आपली ऑर्डर ज्या बाजाराकडे पाठवली जाते, तिथून दलालाला मोबदला मिळत आला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ही पद्धत बंद करायचा कायदा केला आणि जर्मनीला ३० जून २०२६ पर्यंत मुदत दिली. दुसरा खर्च भावातच मुरलेला असतो. फ्रँकफर्टच्या झेट्रा बाजाराचे मुख्य व्यवहार सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३० चालतात. मुलांना झोपवून रात्री दहाला सोफ्यावरून ऑर्डर टाकली, की खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर बरेचदा वाढलेलं असतं. अंतर अर्धा टक्का असलं तरी २,००० युरोमागे १० युरो. वाचवलेले नऊ युरो तिथेच गेले. (मी स्वतः तीन महिने हेच करत होतो.)

फीबद्दल सगळे बोलतात, आपण देतो त्या कागदपत्रांबद्दल कुणीच नाही. २०२० मध्ये स्केलेबल कॅपिटलच्या ३३,०००हून अधिक ग्राहकांची माहिती चोरीला गेली, त्यात ओळखपत्रांच्या प्रतीही होत्या. एका सेवा पुरवठादाराशी करार २०१५ मध्येच संपला होता, पण त्याच्याकडचे प्रवेशाचे तपशील नंतर बदललेच नव्हते. म्युनिकच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका ग्राहकाला २,५०० युरो भरपाई मंजूर केली. ओळखीचा प्रत्यक्ष गैरवापर झाला नसला तरी भरपाई मागता येते, असं युरोपीय न्यायालयानेही जून २०२४ मध्ये सांगितलं.

आपल्या बाबतीत यात एक जास्तीची भानगड आहे. जर्मन ओळखपत्रावर आईवडिलांची नावं नसतात. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील, नवरा किंवा बायको आणि भारतातला पत्ता, सगळं एकत्र असतं. एका ॲपने मला तेही पान मागितलं. फोटो काढता काढता हिने हात धरला. “आईंना आधीच बँकेच्या नावाने खोटे फोन येतात. त्यांचं नाव आणि घरचा पत्ता कशाला देतोस?” पासवर्ड बदलता येतो, आई कशी बदलणार?

करखात्यापासून काही लपवायचा प्रश्न नव्हता. जर्मन दलाल नफ्यावरचा २६.३७५ टक्के कर स्वतःच कापून भरतो, आणि अर्ज भरून दिला तर एकट्याला वर्षाला १,००० आणि जोडप्याला २,००० युरोपर्यंत सूट मिळते. परदेशी दलालाकडे हा हिशेब आपल्यालाच करावा लागतो, म्हणून ते पर्याय आम्ही आधीच सोडले.

शेवटी आमचा पगार जमा होतो त्याच बँकेत डेपो उघडला. कागदपत्रं तिच्याकडे होतीच, नवीन काही द्यावं लागलं नाही. सौदे महाग आहेत, म्हणून वर्षातून चारच करतो, तेही दुपारी जेवणाच्या सुट्टीत. मासिक योजनेची फी पाहून मित्र अजून हसतात.

आधीचं ॲप बंद केलं आणि माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली विचारलं, माझं काय काय तुमच्याकडे आहे? उत्तर द्यायला त्यांना एक महिना असतो. पंचविसाव्या दिवशी पीडीएफ आली. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार ओळखीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावर पाच वर्षं जपून ठेवावी लागतात, असं त्यात लिहिलं होतं. शेवटचं पान मात्र त्यात नव्हतं.